मोठीची पन्नाशी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोन करून विषय सुचवला होता, ‘संगणक क्षेत्रातील बदलती आव्हाने’. मी हो म्हणाले आणि फोन ठेवला. पण सत्तावीस वर्षं मी याच क्षेत्रात नोकरी करतेय आणि सोमवार ते शुक्रवार हीच आव्हानं ऐकते. आज रविवार आहे. तेव्हा विषय बदलते आहे. संयोजक समोरच बसलेत, उठून जाऊ शकत नाहीत.

मी यंदाच्या मार्चमधल्या तीन दिवसांबद्दल बोलणार आहे. आपल्या वर्गातल्या आम्ही पाच जणी मुरूडला गेलो होतो. जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दापोलीजवळचं, हर्णैच्या शेजारचं. निमित्त होतं पाचांतल्या एकीच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं. तिने बोलायची परवानगी दिलीय, पण अट घातलीय की नाव घ्यायचं नाही. म्हणून मी तिला ‘मोठी’ म्हणणार आहे. शाळेतही आम्ही तेच म्हणायचो, कारण आमच्यात तीच वयाने मोठी. तुम्ही ओळखलंच असेल. गणिताच्या सरांनी तर नक्की ओळखलं असेल, कारण फळ्यावरचं उदाहरण सर निम्मं लिहीपर्यंत जिचं उत्तर तयार असायचं ती हीच. बाकीच्या तिघी म्हणजे बँकवाली, मास्तरीणबाई आणि दुकानवाली.

आता मोठीचा वाढदिवस कधी, हा पहिला प्रश्न. शाळेच्या दाखल्यावर तो १ जून १९७६ आहे. हसू नका, इथे बसलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा १ जूनच आहे. पहिलीत नाव घालायला मूल आलं, आईला तारीख माहीत नाही, वडील शेतात. मग जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा सहा वर्षं पूर्ण भरावीत अशी तारीख गुरुजींनी लिहायची. गुरुजींची चूक नव्हती, त्याशिवाय मूल वर्गात बसलंच नसतं. मी नोकरीत लोकांच्या नोंदींवर काम केलंय. महाराष्ट्रातल्या ठरावीक वयापुढच्या माणसांच्या जन्मतारखा चढत्या क्रमाने लावल्या की १ जूनला एकदम ढीग दिसतो. परराज्यातल्या सहकाऱ्याला वाटतं प्रणालीतच बिघाड आहे. त्याला समजावून सांगावं लागतं की बिघाड नाही रे बाबा, ही आमची शाळा आहे.

मोठीच्या आईला विचारलं. त्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. म्हणाल्या, “बहात्तरच्या दुष्काळात थोरला झाला, त्याच्यानंतर चौथ्या वर्षी ही. रंगपंचमीचा दिवस. बाया रंगाच्या अंगानं आत याय लागल्या म्हणून सासूबाई वरडत होत्या.” एवढी पक्की साक्ष मिळाल्यावर अजून काय हवं? इंग्रजी तारीख काढायला गेलं तर ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येते, पण आम्ही रंगपंचमीच धरली. यंदा ती रविवारी आली, ८ मार्चला. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयात महिला दिनाचा गुलाबी केक कापला गेला. तो हुकल्याचं मला दुःख झालं नाही.

या जन्मतारखेची मोठीच्या घरात आजवर एकदाच चर्चा झाली होती, १९९४ साली, तिच्या लग्नाच्या वेळी. मुहूर्त मे महिन्यातला. दाखल्याप्रमाणे तिला अठरा पूर्ण व्हायला काही दिवस कमी पडत होते, आईच्या हिशेबाने रंगपंचमीलाच झाली होती. त्या दिवसापुरता आईचा हिशेब खरा धरला गेला आणि बारावीचा निकाल लागायच्या आत मोठी सासरी गेली. निकाल आम्ही तिला पोस्टकार्डावर कळवला. गणितात शंभरपैकी त्र्याण्णव. मी त्याच गणितावर अभियांत्रिकीला गेले आणि माझे गुण तिच्यापेक्षा कमी होते, हे मी इथे सरांच्या देखत सांगते.

पन्नाशीचं आपल्याकडे तसं शास्त्र आहे. पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांत, साठाव्या वर्षी उग्ररथ, ऐंशी उलटल्यावर सहस्रचंद्रदर्शन. पण आठवून बघा, तुम्ही किती बाईंच्या पन्नाशीची शांत पाहिलीत? शांत यजमानांची असते, बाई शेजारी हाताला हात लावून बसते. तिचं वयही त्यांच्याच वयाने मोजलं जातं. आणि यजमानच नसतील, तर मोजायचंच कशाला? मोठीचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. दीड वर्ष आजारपण चाललं होतं. त्या काळात ती त्यांना घेऊन मुंबईला राहिली. शेत तेव्हापासून तीच बघते, सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी. मुलगा पुण्याला आहे, मुलगी दिल्या घरी.

पैशांचं आधी सांगते, कारण दरवेळी गाडं तिथेच अडतं. आमच्या पाच जणींची मिळकत सारखी नाही, आणि ‘मी भरते सगळ्यांचं’ असं एकीने म्हटलं की मैत्री संपते आणि पाहुणचार सुरू होतो. बँकवालीने दोन वर्षांपूर्वीच उपाय काढला होता. भिशी. दरमहा प्रत्येकी ५०० रुपये, मध्ये कुणी उचल करायची नाही. चोवीस महिन्यांचे साठ हजार झाले. खर्च असा झाला: चालकासह गाडी २२,०००, दोन खोल्या दोन रात्री १२,०००, जेवणखाण ९,५०० आणि किरकोळ ३,२००. शिल्लक १३,३००. हे आकडे मुद्दाम सांगतेय, कारण ‘तुमचं बरं आहे बाई, परवडतं’ असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पाचशेची पहिली नोट काढावी.

परवानगीचा प्रश्न वेगळा. मोठी माहेर, लग्नं, मयत आणि दवाखाना सोडून कुठेही रात्र राहिलेली नव्हती. मुलगा लगेच हो म्हणाला. मुलीने आपले दोन पंजाबी ड्रेस पाठवून दिले. जाऊबाई म्हणाल्या, लोक काय म्हणतील. निर्णय सासूबाईंचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “समुद्राचं पाणी खरंच खारट असतंय का?” मोठीला सांगता येईना. “मग जा आणि बाटलीभर घेऊन ये.” झाली परवानगी.

शुक्रवारी पहाटे चौघी बार्शीहून निघाल्या, मला पुण्यात घेतलं आणि ताम्हिणी उतरून माणगाव, महाड करत दापोली. भूगोलाच्या बाई इथे आहेत म्हणून सांगते, घाट उतरताना तुमची आठवण निघाली. आपल्याकडे पडलेला पाऊस सीना-भीमेतून कृष्णेला मिळतो आणि थेट बंगालच्या उपसागरात जातो, अरबी समुद्र एवढा जवळ असून आपला त्याच्याशी संबंध नाही, हे तुम्ही आम्हाला नकाशा भरायला लावून शिकवलं होतं. ताम्हिणीच्या पलीकडे पाणी उलट्या दिशेने वाहतं हे आम्ही खिडकीतून एकमेकींना दाखवत होतो. चालकाला वाटलं, याच्यात बघण्यासारखं काय आहे.

मुरूडला पोचलो तेव्हा सूर्य मावळायला तासभर होता. घरगुती राहण्याची सोय होती, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या कुंपणापलीकडे वाळू. बाकीच्या पिशव्या टाकून पळाल्या. मोठी चप्पल हातात घेऊन हळूहळू आली आणि ओल्या वाळूच्या अलीकडे उभी राहिली. मी विचारलं, पहिल्यांदाच बघतेस? म्हणाली, “नाही. मुंबईत त्यांना तपासणीला न्यायचे तेव्हा टॅक्सीतून दिसायचा. पण तेव्हा मी मीटरकडे बघत असायची.”

थोड्या वेळाने ती आत शिरली. गुडघ्यापर्यंतच, कारण घरमालकीण काकूंनी दम भरला होता. पाय आत जातात, वाळू सरकते, भोवळ आल्यासारखं होतं. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाला पायाखालची जमीन सरकणं नवीन असतं. तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी वळ होते.

शनिवारी संध्याकाळी हर्णैला गेलो. बंदरावर होड्या लागतात, मासळी वाळूवर येते आणि लिलाव सुरू होतो. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. आम्ही पाचातल्या तिघी माळकरी घरातल्या, मासळीचं आम्हाला काही कळत नाही. पण लिलाव कळतो. मोठी बार्शीच्या बाजार समितीत तूर घेऊन जाते, अडत्यांशी भांडते. ती अर्धा तास त्या कोळणींकडे बघत उभी राहिली. कोण किती बोली चढवते, कोण मुद्दाम गप्प बसते, कोण शेवटच्या क्षणी मान हलवते. परत येताना गाडीत म्हणाली, “आपल्याकडे मोंढ्यात मी एकटीच बाई असते. इथं बघ, सगळ्या बायाच. आवाज बघितलास त्यांचा?” माझ्या मते सगळ्या सहलीत तिला सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर हर्णैचा बाजार. समुद्र दुसऱ्या क्रमांकावर.

मुरूडला जायचं मी सुचवलं होतं ते किनाऱ्यासाठी. पण हे महर्षी कर्व्यांचं गाव, आणि मास्तरीणबाई सोबत असल्यावर इतिहासाचा तास चुकत नाही. शनिवारी रात्री ओट्यावर बसून तिने तो घेतला. मुरूडचा हा मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री चढून चालत साताऱ्याला गेला, आणि वय पूर्ण असूनही लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच दिलं नाही. (“त्याचापण दाखला १ जूनचा असणार,” दुकानवाली.) पुढे तो फर्ग्युसनमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ साली त्याने गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा याच गावाने त्याला वाळीत टाकलं. ज्या गावाच्या भल्यासाठी त्याने वर्गणी गोळा करून ‘मुरूड फंड’ काढला होता, त्या गावाने. “म्हणजे भिशीच की,” बँकवाली म्हणाली. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न. मोठी सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिने विचारलं, “आणि त्या गोदूबाईंना गावात आल्यावर कोण काय बोललं, ते कुठं लिहिलंय का?” गोदूबाईंनी, म्हणजे आनंदीबाई कर्व्यांनी, स्वतःच्या आठवणी सांगितल्या आहेत आणि त्यांचं पुस्तक आहे, ‘माझे पुराण’. मी ते तिला नंतर पाठवलं. वाचून झालंय, आता ते जाऊबाईंकडे आहे.

आता रविवारची सकाळ. हे सांगू की नको, असा मी विचार केला होता, मग मोठीला विचारलं. ती म्हणाली, सांग, पण माझी बाजू नीट सांग.

वाढदिवस म्हणजे औक्षण आलं. काकूंनी चांदीचं निरांजन दिलं. पाट मांडला, रांगोळी मास्तरीणबाईने काढली. मोठी मुलीचा ड्रेस घालून पाटावर बसली. दुकानवालीने तबक उचललं, कुंकवाचं बोट पुढे केलं, आणि मोठीचा हात आपोआप वर आला. “अगं, मला नको.”

सगळ्या थांबल्या. मग सुरू झालं. बँकवाली म्हणाली, कुंकू आपण लहानपणापासून लावतो, नवरा नंतर येतो, तो गेला म्हणून लहानपणीचं कसं जाईल? मास्तरीणबाईने कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडचा दाखला दिला. तिथल्या ग्रामसभेने २०२२ मध्ये ठराव करून कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद केल्या, शासनाने तो कित्ता गिरवायला सांगितलं. मीही बोलले, आणि रात्रीच्या कर्व्यांच्या तासाचा हवाला दिला. निरांजनाची वात खाली जायला लागली तरी आम्ही चौघी बोलतच होतो.

मोठी म्हणाली, “तुमचं सगळं बरोबर आहे. माझ्या सुनेवर उद्या अशी वेळ आली तर मी कुणाला तिच्या कपाळाला हात लावू देणार नाही. पण माझं मी ठरवणार. तीस वर्षं रोज ते लावताना जो माणूस आरशात मागं दिसायचा तो आता दिसत नाही, मला तेवढंच आठवतं. तुम्ही मला वाढदिवसाला आणलंय का क्रांतीला?”

कुणी काही बोललं नाही. मग ती म्हणाली, “बुक्का आहे का कुणाकडे? बुक्का लावा.” पंढरपूरच्या इतक्या जवळच्या आम्ही, पण बुक्का कुणाकडेच नव्हता. काकूंकडेही नव्हता. शेवटी नुसत्या अक्षता टाकल्या, ओवाळलं, काकूंनी केलेली नारळाची वडी भरवली. मला तिचं म्हणणं तेव्हा पूर्ण पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण तिला लावायला नको होतं, हा तिचा निर्णय होता आणि तो तिनेच घेतला. तिच्या आयुष्यात स्वतः घेतलेले निर्णय मोजायला बसलो तर हाताची बोटं शिल्लक राहतात.

मग आम्ही तिला विचारलं, तुला काय हवंय? तिने यादी केल्यासारखं सांगितलं. सगळ्यांच्या आधी बसून गरम घावन खायचंय, आणि दुसरं आणायला उठायचं नाही. दुपारी झोपायचंय, कुणी उठवायचं नाही. आणि कासवं बघायचीत.

घावनं तिने सहा खाल्ली. काकू तव्याजवळ आणि आम्ही चौघी वाढपी. दुपारी ती साडेतीन तास झोपली. निघायला उशीर होत होता, चालक कुरकुरत होता, पण आम्ही उठवलं नाही.

कासवांसाठी आंजर्ल्याला गेलो, मुरूडहून फार लांब नाही. या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवं रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. पूर्वी ती अंडी माणसं, कोल्ही, कुत्री पळवत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळासला संरक्षणाचं काम सुरू केलं, आणि आता इतर गावांतही गावकरीच अंडी हलवून कुंपणात पुरून ठेवतात. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून बघायचं, आली असतील तर वाळूवर सोडायची. थेट पाण्यात सोडत नाहीत, स्वतः चालत जाऊ देतात. आणि एक गोष्ट मला तिथेच कळली. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्या जास्त.

त्या संध्याकाळी टोपलीखाली नऊ पिल्लं होती. दोरीच्या अलीकडे आम्ही उभ्या. तळहातापेक्षा लहान, काळी. आठ सरळ गेली. नववं उलटं फिरून आमच्याकडे यायला लागलं. कार्यकर्त्याने हात लावला नाही, थांबला. पिल्लू थांबलं, वळलं, आणि लाटेने नेलं. मी काही बोलायला तोंड उघडलं, तोच मोठी म्हणाली, “याच्यावरून आता भाषण करू नकोस.” म्हणून करत नाही.

अंधार पडायच्या आत मोठीने बाटली भरली. रात्रभर प्रवास करून सोमवारी सकाळी ती घरी पोचली आणि बाटली सासूबाईंपुढे ठेवली. त्यांनी तळहातावर ओतून चाटलं, थू केलं आणि म्हणाल्या, “एवढं मोठं तळं आणि एक घोट प्यायला नाही. त्यापेक्षा आपली विहीर बरी.” बाटली मात्र त्यांनी फेकू दिली नाही, ती देवघराच्या फळीवर आहे. जाऊबाई आता विचारतात, पुढच्या वेळी किती वर्गणी.

तर वर्गणी पाचशेच आहे. भिशीची दुसरी फेरी एप्रिलपासून सुरू झालीय, शिल्लक १३,३०० त्यातच घेतलीत. आता आम्ही अकरा जणी आहोत. पुढचं वर्षभर आपल्या वर्गात पन्नाशीची रांग लागणार आहे, त्यात मीही आहे. मित्रांनो, तुम्ही तुमची वेगळी काढा, बँकवाली हिशेबाची पद्धत शिकवेल.

आणि एक काम. दाराजवळच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवलीय. ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांनी आपलं नाव लिहावं आणि समोर आई, मावशी, आत्या जे सांगतील ते लिहावं: पोळ्याच्या आदल्या दिवशी, आषाढी वारीच्या वेळी, विहिरीला पाणी लागलं त्या साली, जे असेल ते. त्याची इंग्रजी तारीख काढून द्यायचं काम माझं. पण सांगणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, तेव्हा फोन आजच करा, जेवणाच्या सुट्टीत. पेन वहीला सुतळीने बांधलंय, कारण आपल्या वर्गात दिलेलं पेन कधी परत आलेलं मला आठवत नाही.